अंगुराची शेती

खोटं बोलायला मला माझ्या मुलीनं शिकवलं, तेही मी निवृत्त झाल्यावर. त्याआधी मी भरवेलीच्या खाणीत सर्व्हेअर होतो. सर्व्हेअरनं खोटं बोलून चालत नाही. त्यानं कागदावर चूक केली तर खाली माणसांच्या डोक्यावर छत येतं.

मे महिन्यात दुपारी तिचा फोन आला. बालाघाटला तेव्हा माणूस कूलरसमोरून हलत नाही.

"पप्पा, मम्मी बाजू में है क्या?"

"नाही. विहारात गेली."

"सुनो. उनका वाइन का काम है. तीन पीढ़ी से. मम्मी को अभी मत बताना."

'उनका' म्हणजे मुलाच्या घरच्यांचं. मुलगी चार वर्षांपूर्वी इटलीत शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथलाच एक मुलगा तिनं पसंत केला. परका देश, परका धर्म, परकी भाषा हे सगळं बायकोनं तीन महिन्यांत पचवलं होतं. शेजारणींना तिनं स्वतःहून फोटो दाखवले होते. उरलं होतं ते एवढंच.

"मंग काय सांगू तिले?"

"अंगूर की खेती है, बोलो. झूठ भी नहीं है."

मी तसंच सांगितलं. बायको खूश झाली. "शेतीवाले हायत म्हना की," म्हणाली. शेतीवाला माणूस जगात कुठंही असला तरी बरा असतो, असा तिचा समज आहे. आमच्या नात्यातले निम्मे शेतीवाले पाहूनही तो टिकून आहे.

माझ्या बायकोचे वडील मोहाच्या दारूनं गेले. ती तेव्हा नववीत होती. एवढंच ती सांगते, पुढचं सांगत नाही. पंचशीलातलं पाचवं शील, दारू न पिण्याचं, आमच्या वॉर्डातले पुष्कळ लोक रविवारी म्हणतात आणि सोमवारी विसरतात. ती विसरत नाही. वीस वर्षं तिनं बायकांचा गट घेऊन नाल्याकाठच्या भट्ट्या शोधल्या आणि मटके फोडले. वाऱ्याचा रोख पाहून ती सांगायची, सडवा, म्हणजे आंबवायला घातलेला मोह, कुठं ठेवलाय, किती दिवसांचा आहे. आणि फोडायला पहिला दगड तिचा असायचा.

लग्न मोडेल ही भीती नव्हती. मुलगी सज्ञान आहे, तिला कुणाची सही लागत नाही. भीती ही होती की आई लग्नाला जाणार नाही आणि नंतर मुलीशी बोलणारही नाही. ही नुसती धमकी नसते. सख्ख्या भावाशी ती अकरा वर्षं बोललेली नाही. तो पितो.

सप्टेंबरात आम्ही निघालो. बायकोनं सोबत चिन्नोर तांदूळ, जवसाची चटणी आणि मुलाच्या आईसाठी एक लुगडं घेतलं. मी सोबत ते खोटं घेतलं. विमानतळावर बायकोची बॅग दोनदा उघडली, मला कुणी काही विचारलं नाही.

त्या गावाचं नाव लिहीत नाही. ते लोक मराठी वाचणार नाहीत, पण माझी मुलगी वाचते, अडखळत का होईना. गाव इटलीच्या दक्षिणेला, समुद्राजवळ. लोक तिथं दोन गोष्टींसाठी जातात. एक म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोकांनी येऊन बांधलेली देवळं, आणि दुसरी म्हणजे तिथली वाइन. मुलीनं बेत आखला होता. आईला देवळं दाखवायची, वाइन दाखवायची नाही. दुपारी मुलाच्या घरी जेवण, तेही पुढच्या खोलीत. टेबलावर बाटली नसेल. मुलाच्या वडिलांनी हे कबूल करायला आठवडा घेतला होता. त्यांच्याकडे बाटलीशिवाय पाहुण्याला जेवू घालणं म्हणजे आपल्याकडे पंगतीत मीठ न वाढणं. माझं काम एवढंच होतं की, जेवणाची वेळ होईपर्यंत बायकोला देवळांत गुंतवून ठेवायचं.

आदल्या संध्याकाळी आम्ही पोचलो. मुलगा आमच्या मुलीसोबत गाडी घेऊन स्टेशनवर आला होता. उंच, सडपातळ, बोलायला हळू. त्यानं वाकून नमस्कार केला, तो इतका खाली की बायकोच मागं सरली. गावात शिरताना गाडीच्या काचा उघड्या होत्या. हंगाम सुरू होता आणि हवेला आंबूस, गोडसर वास होता. मी पुढच्या सीटवर होतो. मागं वळून पाहायचं धाडस झालं नाही. रात्री हॉटेलात बायकोनं विचारलं, "इथचे लोक अंगूर खातेत, का विकतेत?"

"दोन्ही," मी म्हणालो, आणि दिवा मालवला.

सकाळी देवळं. खरं सांगायचं तर मी त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं पुस्तकं वाचली होती. समोर पाहिल्यावर पुस्तकं आठवली नाहीत. गवतात तीन देवळं उभी होती, छप्पर नसलेली, मधाच्या रंगाच्या दगडांची. खांब मधोमध किंचित फुगवलेले होते, म्हणजे लांबून सरळ दिसावेत. ज्यांनी हे केलं त्यांना ठाऊक होतं की डोळा चुकतो आणि दगडाला ती चूक आधीच धरून चालावं लागतं. मला त्या सर्व्हेअरला भेटावंसं वाटलं. आमच्या लांजीच्या किल्ल्यात खांबांवर प्रेमिकांची नावं कोरलेली असतात आणि बकऱ्या चरतात. इथं बकऱ्या नव्हत्या, तिकीट होतं. नावं मात्र होती. जर्मन, फ्रेंच, आणि एक चक्क देवनागरीत.

मी बायकोला एकेक खांब समजावून सांगू लागलो. पहिल्या देवळाला पाऊण तास लावला. दुसऱ्या देवळात ती म्हणाली, "अजी, तुमी एवढं कधी बोलत नाही."

"इतिहास आहे."

"हौ. घरी बी इतिहास होता. तवा नाही बोलले."

मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती. ती सारखी घड्याळ पाहत होती. तेवढ्यात तिसऱ्या देवळाच्या बाजूनं बँडचा आवाज आला.

त्या दिवशी गावात वाइनचा उत्सव होता. मुलीला तो आठवडाभरानं आहे असं वाटलं होतं. देवळापुढं मंच, मंचावर खुर्च्या, खुर्च्यांवर पुढारी. नगराध्यक्षांनी अंगावर तिरंगी पट्टा आडवा घातला होता. त्यांचाही तिरंगाच, फक्त केशरीच्या जागी लाल. त्यांनी भाषण सुरू केलं. मला इटालियन येत नाही, तरी भाषण समजलं. थोर परंपरा, पूर्वजांचे आशीर्वाद, माझ्या कार्यकाळात झालेला रस्ता. हे भाषण मी बालाघाटात किमान चाळीस वेळा ऐकलंय.

मग सात-आठ माणसं रांगेनं मंचावर चढली. जांभळे मखमली झगे, त्या उन्हात घोट्यापर्यंत. गळ्यात साखळी, साखळीला चांदीची छोटी वाटी. वाइन चाखणाऱ्यांची कुठलीशी मंडळी होती आणि आज ती एका नव्या माणसाला आपल्यात घेणार होती. तो नवा माणूस पुढं आला, गुडघ्यावर बसला, त्याच्या खांद्याला एका म्हाताऱ्यानं वेलीची फांदी लावली. तो माणूस मुलाचे वडील होते, आमचे होणारे व्याही.

मुलीनं माझी बाही ओढली. "पप्पा, मुझे सच में पता नहीं था. घर में किसी को नहीं बताया इन्होंने," ती माझ्या कानाशी म्हणाली.

"हे तं आपले इवाई होय नं?" बायको म्हणाली. "फोटोतले? हा कायचा सत्कार?"

"कृषी मेळावा," मी म्हणालो. "प्रगतशील शेतकरी पुरस्कार."

इतक्या सहज आलं की मला स्वतःचीच भीती वाटली. बायकोनं मान हलवली. "याइले गर्मी नाही होत का त्या झग्यात?"

आणि मग मुलाच्या वडिलांना आम्ही दिसलो. माणूस चांगला, मोठ्या मनाचा, आणि त्या क्षणी पार आनंदात बुडालेला. आठवडाभर समजावलेलं सगळं तो विसरला. मंचावरून उतरला, वाटेत एका तबकातून दोन ग्लास उचलले आणि हात पसरत आमच्याकडे आला. लोक वळले. नगराध्यक्ष वळले. फोटो काढणारा धावत आला. वडिलांनी मोठ्यानं काहीतरी जाहीर केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक ग्लास त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिला. गडद लाल, काठोकाठ.

बायकोनं ग्लासकडे पाहिलं. मग मुलीकडे.

"मम्मी, रस है," मुलगी म्हणाली. "अंगूर का रस. थोड़ा सा पी लो. सब देख रहे हैं."

मला अजून तो क्षण नीट आठवतो, कारण त्यात मी काहीच करत नव्हतो. एक घोट. तेवढा प्याला की फोटो निघणार, टाळ्या होणार, जेवण होणार, लग्न होणार. बायकोला चव ठाऊक नाही, तिनं आयुष्यात थेंब घेतलेला नाही. तिला कधी कळणारही नाही की तिचं शील तिच्या नवऱ्यानं आणि मुलीनं मिळून मोडलं. तिनं ग्लास वर उचलला. हनुवटीपर्यंत आणला.

"पिऊ नको," मी म्हणालो. "दारू हाय ते."

बायकोचा हात तिथंच थांबला.

"मालूम हाय," ती म्हणाली. "काल गाडीत बसल्यापासून मालूम हाय. एवढा सडवा तं मी जिंदगीत नाही सुंगला."

"मंग वर कायले नेला?"

"पाह्यत होतो. दोघातलं कोन बोलते ते."

ती माझ्याकडे पाहून बोलत होती, पण ऐकायचं होतं मुलीला. बायकोनं ग्लास दोन्ही हातांनी मुलाच्या वडिलांना परत दिला, मान लववली आणि म्हणाली, "याइची काही चूक नाही. याइले सांगा, घर पाह्यचं हाय. आत्ता."

घर गावाबाहेर होतं, द्राक्षाच्या रांगांच्या मधोमध. पुढच्या खोलीत टेबल मांडलं होतं, पांढरी चादर, पाण्याचे जग. बायको पुढच्या दारानं शिरलीच नाही. आमच्याकडे स्थळ पाहायला गेलेली जाणती बाई बैठकीत बसत नाही. बैठक सगळ्यांचीच चांगली असते. ती पाणी मागायच्या निमित्तानं मागं जाते, परसदार पाहते, विहीर पाहते, मोरीपाशी पडलेलं पाहते. माझ्या बायकोनं वॉर्डातली पंचवीसेक स्थळं अशी मागून पाहिलीत आणि त्यातली अर्धी मोडलीत. ती घराला वळसा घालून मागं गेली. आम्ही मागोमाग. मागं एक मोठं दार होतं, दोन्ही फळ्या उघड्या. आत लाकडी पिंपांच्या रांगा, छतापर्यंत.

ती उंबऱ्यापाशी थांबली. आत गेली नाही. मुलाची आई स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. ठेंगणी, पिठानं माखलेल्या हातांची बाई. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"इचार इले," बायको मुलीला म्हणाली. "या घरात दारूनं कोनी मेलं का?"

"मम्मी, ये कैसे पूछूं?"

"जसं म्हनलं तसं."

मुलीनं काहीतरी विचारलं. लांबलचक, गुळगुळीत. बायकोनं तिला मधेच थांबवलं. "मी चार शब्द बोलली. तू चाळीस बोलून राह्यली. पुन्हा."

मुलीनं पुन्हा विचारलं. या वेळी वाक्य आखूड होतं. मुलाचे वडील, अजून झग्यातच, एकदम तांबडे झाले आणि मोठ्यानं बोलू लागले. मुलगा मधे पडला. ते काय बोलले ते मुलीनं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मग मुलाच्या आईनं नवऱ्याच्या छातीवर पिठाचा हात ठेवला. मखमलीवर पाच बोटं उमटली. तो गप्प झाला. ती माझ्या बायकोकडे पाहून सावकाश बोलली, आणि मुलीनं तितक्याच सावकाश सांगितलं.

नवऱ्याचा मोठा भाऊ होता. याच पिंपांमागं झोपायचा. एका हिवाळ्यात सकाळी उठला नाही. त्याचा फोटो घरात लावत नाहीत. इतक्या वर्षांत घरी आलेल्या कुणीच असं विचारलं नव्हतं.

बायकोनं मान हलवली. मग मुलाकडे वळली. "तू पेतो?"

त्यानं मुलीकडे पाहिलं नाही. "हो," तो म्हणाला. तेवढं मराठी तो शिकला होता. "रोज. एक ग्लास. जेवताना."

मला वाटलं, संपलं.

"हा पेतो, पन खरं बोलते," बायको मुलीला म्हणाली. "तू पेत नाही, पन खोटं बोलते. मले दारू पाजत होती तू. माह्या हातानं."

मुलगी रडायला लागली. बायकोनं तिला जवळ घेतलं नाही. म्हणाली, "मी हौ बी नाही म्हनत, नाही बी नाही म्हनत. पहिले घरी ये. विहारात बायांच्या समोर बस, अन् सांग याइचा काय धंदा हाय. अंगूर नाही म्हनाचं. मंग पाहू."

आम्ही पाणी प्यायलो आणि निघालो. आमच्याकडे पसंती असेल तर पानावर बसतात, नसेल तर पाण्यावर उठतात. मुलाच्या आईला हे ठाऊक नव्हतं. तिनं सगळं जेवण डब्यात बांधून दिलं.

नोव्हेंबरात मुलगी एकटी आली. रविवारी वंदना झाल्यावर बायका सतरंजीवर बसून राहिल्या. मुलगी समोर उभी राहिली. मराठीत सुरुवात केली, दोन वाक्यांनंतर हिंदीवर आली. सासरचे दारू बनवतात. मी आईपासून लपवलं. आईला फसवून पाजणार होते. सगळं सांगितलं. मी दाराशी उभा होतो. माझं नाव तिनं घेतलं नाही, त्याची मला जास्त लाज वाटली.

बायका चुळबुळल्या. एकीनं "जाऊ दे व बाई, बाहेर देशात चालते," असं म्हणून पाहिलं. तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. ही नाल्यापलीकडच्या वस्तीतली. नवरा गेल्यावर मोहाची काढून चार पोरं पोसायची. माझ्या बायकोनं तिचे मटके दोनदा फोडले होते. नंतर ती भाजी विकायला लागली, आणि काही वर्षांनी विहारातही यायला लागली. दोघी एकाच सतरंजीवर बसत. बोलत नसत.

"मले एकच सांग," ती बायकोला म्हणाली. "तुया इवायाचे मटके लाकडाचे हायत, माये मातीचे होते. एवढाच फरक नं? मंग ते फोडाले कवा जाऊन राह्यली?"

बायको उभी होती. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला.

"बोल नं," म्हातारी म्हणाली. "मी बी तवा म्हनलंच होतं, पोट हाय म्हनून. आयकलं का तू?"

"नाही आयकलं," बायको म्हणाली, आणि खाली बसली.

म्हातारी पायरी उतरून निघून गेली. आम्ही घरी आलो. मुलीनं बॅग भरायला घेतली. मला हळूच म्हणाली, "मम्मी नहीं आएगी, पप्पा. मुझे समझ में आ गया."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "गाडी काढा."

नाला ओलांडून आम्ही त्या वस्तीत गेलो. मी मोटरसायकल रस्त्यावर उभी केली. म्हातारी ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा जुडी बांधायला लागली. बस म्हणाली नाही. बायको पायरीवर बसली. दोघींमधे हातभर अंतर होतं. मला सगळं ऐकू येत होतं.

"तुये मटके फोडले ते मले अजून बी बराबरच वाटते," बायको म्हणाली.

"मंग कायले आली?"

"आयकाले पाह्यजे होतं तुयं. ते नाही आयकलं. ते चुकलं."

म्हातारीनं जुडीला सुतळी गुंडाळली.

"पोरीच्या लगनाचं सांगाले आली," बायको म्हणाली. "पहिलं आवतन तुले. तिकीट आमचं."

"अन् मी नाही येत म्हनलं तं?"

"तं मी बी नाही जात."

मुलीचं लग्न, तिची आई, मे महिन्यापासूनची सगळी धडपड, सगळं आता एका म्हातारीच्या मेथीच्या टोपलीपाशी येऊन थांबलं होतं. आणि बायको ते मनापासून म्हणत होती. म्हातारीलाही ते कळलं. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"लय हलकट हायस तू," ती म्हणाली. "पोरीचं लगन माह्या मानेवर ठेवून राह्यली."

"हौ."

"येतो मी. पन तुया इवायाले सांगून ठेव. मले चाखून पाह्य म्हनू नोको म्हना. मी धंदा केला तवा बी कधी नाही चाखली."

ही गोष्ट बायकोला ठाऊक नव्हती. वीस वर्षांत तिनं ती विचारलीच नव्हती.

ती उठून आली. मी मोटरसायकल चालू केली. नेहमी मागं बसताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवते. त्या दिवशी तिनं सीटमागची कडी धरली. मुलीचं मिटलं होतं, म्हातारीचं मिटत आलं होतं. माझा नंबर अजून लागायचा होता.